एक ‘पर्यंत’, दोन इंग्रजी शब्द

‘आय विल सेंड द रिपोर्ट टिल फ्रायडे.’ हे लिहिणाऱ्याच्या मनात काय आहे ते आपल्याला लगेच कळतं. शुक्रवारपर्यंत अहवाल पाठवतो, एवढंच. पण इंग्रजी ज्याची मातृभाषा आहे असा माणूस हे वाचून क्षणभर थबकतो. त्याला वाक्यातून दिसतं ते असं: हा गृहस्थ आज अहवाल पाठवणार, उद्या पुन्हा पाठवणार, परवा पुन्हा, आणि हा सपाटा शुक्रवारी थांबणार. स्पेलिंग बरोबर आहे, क्रियापद बरोबर आहे. घोटाळा केलाय तो ‘टिल’ या चिमुकल्या शब्दाने.

इंग्रजीतले वेळेचे शब्द आपण बहुतेकदा यादीच्या रूपात शिकतो. ॲट कुठे, ऑन कुठे, इन कुठे. यादी परीक्षेपुरती पाठ होते आणि बोलायची वेळ आली की नेमकी गायब होते. मला वाटतं, वाट उलट्या बाजूने धरावी. मराठी माणूस इंग्रजी वेळेत कुठेही, कसाही चुकत नाही. तो ठरावीक जागी चुकतो. मराठीतला एक प्रत्यय किंवा एक शब्द इंग्रजीत शिरताना जिथे फुटून दोन होतो, त्या जागी. ‘पर्यंत’ असा फुटतो, ‘पासून’ फुटतो, ‘आधी’ फुटतो. हे फाटे माहीत झाले की बाकीचा रस्ता बराचसा सरळ आहे.

‘पर्यंत’चा फाटा

मराठीत ही दोन वाक्यं बघा. ‘पाच वाजेपर्यंत काम कर.’ ‘पाच वाजेपर्यंत काम संपव.’ दोन्हींत ‘पर्यंत’ तेच, पण अर्थ किती वेगळा! पहिल्यात काम पाच वाजेपर्यंत सलग चालू राहायला हवं. दुसऱ्यात ते पाचच्या आधी कधीही संपलं तरी चालेल, तीनला संपलं तर उत्तमच. मराठीत हा फरक क्रियापद सांभाळतं, त्यामुळे ‘पर्यंत’ला काही काळजी नसते. इंग्रजीत ती जबाबदारी ‘पर्यंत’च्या जागी येणाऱ्या शब्दावरच पडते. सलग चालू राहणारी गोष्ट असेल तर ‘टिल’ किंवा ‘अनटिल’: ‘वर्क अनटिल फाइव्ह.’ मुदतीच्या आत एकदाच घडून जाणारी गोष्ट असेल तर ‘बाय’: ‘फिनिश इट बाय फाइव्ह.’

म्हणजे विचारायचा प्रश्न एकच: ही गोष्ट तोवर चालत राहणार आहे, की तोवर एकदा होऊन जाणार आहे? राहणं, थांबणं, झोपणं, वाट पाहणं हे चालत राहणारं. पाठवणं, पोहोचणं, संपवणं, पैसे भरणं हे होऊन जाणारं. अहवाल पाठवणं एकदाच होतं, म्हणून ‘बाय फ्रायडे’.

वाक्यात ‘नाही’ आला की गंमत वाढते. ‘तो पाचपर्यंत येणार नाही’ याचे मराठीत दोन अर्थ निघू शकतात. पाचला येईल पण त्याआधी नाही, हा एक. आणि पाचची मुदत त्याला काही गाठता येणार नाही, नंतर कधी येईल कोण जाणे, हा दुसरा. इंग्रजी इथेही दोन वाटा करते. ‘ही वोन्ट कम अनटिल फाइव्ह’ म्हटलं की ऐकणारा पाचला त्याची अपेक्षा धरतो. ‘ही वोन्ट कम बाय फाइव्ह’ म्हटलं तर पाचनंतरचं काहीच सांगितलेलं नसतं. फोनवर हा फरक चुकला तर कोणीतरी पाच वाजता दारात ताटकळत उभं राहतं.

याच फाट्यावर आणखी एक खड्डा आहे, आणि तो थेट मराठी वळणातून आलेला आहे. ‘जोपर्यंत तो येत नाही तोपर्यंत थांब’ हे आपलं अगदी घरगुती वाक्य. त्यातलं ‘नाही’ आपण इंग्रजीतही घेऊन जातो: ‘वेट अनटिल ही डझन्ट कम.’ इंग्रजी कानाला हे पूर्ण उलटं लागतं, कारण ‘अनटिल’पुढे थांबण्याचा शेवट ज्याने होतो ती घटना यायला हवी, आणि थांबण्याचा शेवट त्याच्या येण्याने होतो, न येण्याने नव्हे. ‘वेट अनटिल ही कम्स.’ सोपा उपाय म्हणजे मराठीतलं दुसरं वाक्य मनात आणायचं: ‘तो येईपर्यंत थांब.’ यात ‘नाही’ नाही, आणि इंग्रजीतही नाही.

‘पासून’ आणि एक फसवा वर्तमानकाळ

‘सोमवारपासून पाऊस पडतोय.’ ‘तीन दिवसांपासून पाऊस पडतोय.’ मराठीला दोन्ही सारखीच. इंग्रजी मात्र विचारते: तू मला सुरुवातीचा क्षण सांगतोयस की लांबी? सोमवार हा कॅलेंडरवर बोट ठेवून दाखवता येतो, तो क्षण झाला; तिथे ‘सिन्स मंडे’. तीन दिवस ही मोजपट्टीवरची लांबी आहे. तिथे ‘फॉर थ्री डेज’. ‘सिन्स थ्री डेज’ हे आपल्याकडून इतक्या सहज निघतं, कारण ‘पासून’ आणि ‘सिन्स’ अशी जोडी आपण लहानपणीच डोक्यात पक्की केलेली असते. बोट ठेवून दाखवता येतं का, एवढं विचारलं तरी नव्वद टक्के वेळा सुटका होते. (हे नव्वद टक्के मी अंदाजाने म्हणतोय, कुणी मोजलेले नाहीत.)

पण इथला खरा सापळा ‘सिन्स’ किंवा ‘फॉर’ हा नाहीच. तो क्रियापदात आहे. ‘मी इथे तीन वर्षं राहतोय’ या वाक्यात मराठी सरळ वर्तमानकाळ वापरते. राहणं आत्ता चालू आहे, मग वर्तमानकाळच हवा, हे आपलं तर्कशास्त्र. इंग्रजीचं म्हणणं असं, की या राहण्याचं एक टोक भूतकाळात रुतलंय आणि दुसरं आजपर्यंत पोहोचलंय. म्हणून दोन्ही टोकं जोडणारं रूप हवं. ‘आय हॅव बीन लिव्हिंग हिअर फॉर थ्री इयर्स.’ त्याऐवजी ‘आय ॲम लिव्हिंग हिअर सिन्स थ्री इयर्स’ म्हटलं तर समोरचा समजून घेतो, कारण ही चूक जगभर होते. जर्मन आणि फ्रेंच भाषिकही हीच चूक करतात, कारण त्यांच्याही भाषांत अशा वाक्यात वर्तमानकाळच येतो. पण काटेकोर बोलायचं म्हणून ‘आय लिव्ह्ड हिअर फॉर थ्री इयर्स’ म्हटलं, तर मात्र समजून घ्यायला काही उरत नाही. ऐकणारा धरून चालतो की तुम्ही ती जागा सोडली.

या जोडणाऱ्या रूपाची ताकद दोन प्रश्नांत फार छान दिसते. ‘हाउ लाँग हॅव यू बीन हिअर?’ म्हणजे तुम्हाला इथे येऊन किती दिवस झाले? ‘हाउ लाँग आर यू हिअर फॉर?’ म्हणजे तुमचा इथे किती दिवस मुक्काम आहे? एकाचं उत्तर मागे बघून द्यायचं, दुसऱ्याचं पुढे बघून. पाहुण्याला चुकून दुसरा प्रश्न विचारला, तर कधी जाताय असं विचारल्यासारखं वाटायची शक्यता आहे.

आणि मराठीचं ‘झाली’ हे वळण? ‘त्याला भेटून दोन वर्षं झाली.’ यालाही इंग्रजीत हुबेहूब जोड आहे: ‘इट्स टू इयर्स सिन्स आय मेट हिम.’ इथे ‘सिन्स’च्या पुढे भेटीची घटना आली, लांबी नाही. नियम मोडला नाही.

जाता जाता ‘ड्युरिंग’बद्दल. ‘ड्युरिंग टू अवर्स’ असं म्हणत नाहीत. ‘ड्युरिंग’ला पुढे एखादा प्रसंग किंवा कालखंड लागतो: बैठक, सुट्टी, युद्ध. आकडा आला की ‘फॉर’.

दहा मिनिटांत की दहा मिनिटांनी

इथे पारडं फिरतं. हा फरक मराठी काटेकोरपणे करते आणि इंग्रजी ढिली पडते. ‘दहा मिनिटांत येतो’ म्हणजे दहा मिनिटं पुरी व्हायच्या आत. ‘दहा मिनिटांनी येतो’ म्हणजे दहा मिनिटं उलटल्यावर. इंग्रजीतलं ‘आय विल बी देअर इन टेन मिनिट्स’ दिसायला पहिल्यासारखं आहे, पण त्याचा रोजचा अर्थ दुसऱ्याच्या जवळचा: आत्तापासून मोजा, दहा मिनिटं होतील तेव्हा मी तिथे असेन. ‘दहा मिनिटांच्या आत’ असं ठासून सांगायचं तर ‘विदिन टेन मिनिट्स’ असा वेगळा शब्द काढावा लागतो.

आपण ‘दहा मिनिटांनी फोन कर’चं ‘कॉल मी आफ्टर टेन मिनिट्स’ करतो. कळायला अडचण नाही, पण आत्तापासून पुढे मोजताना इंग्रजी बोलणारे ‘इन’च पसंत करतात. ‘आफ्टर’ त्यांना गोष्ट सांगताना सुचतो: ‘आफ्टर टेन मिनिट्स द लाइट्स वेन्ट आउट.’

मग ‘तिने दहा मिनिटांत पत्र लिहिलं’ याचं काय? तिथेही ‘इन टेन मिनिट्स’च. पूर्ण होणाऱ्या कामाबरोबर ‘इन’ आला की तो लागलेला वेळ सांगतो. त्यामुळे ‘आय विल राइट इट इन ॲन अवर’ हे वाक्य इंग्रजीतही दोन्हीकडे झुकतं: लिहायला तास लागेल, की तासाभराने लिहायला घेईन? असं वाक्य आलं तर इंग्रजी माणूसही पुन्हा विचारतो. अमेरिकन लोकांनी यात आणखी भर घातली आहे. ते ‘आय हॅवन्ट सीन हिम इन टू इयर्स’ म्हणतात आणि त्यांना म्हणायचं असतं की दोन वर्षांत दिसला नाही. इथे मराठीचा ‘त’ आणि त्यांचा ‘इन’ चक्क जुळतात.

मोजण्याचाच आणखी एक घोळ आहे, आणि त्याकडे फारसं कुणाचं लक्ष जात नाही. आपण ‘आठ दिवसांनी या’ म्हणतो तेव्हा म्हणायचं असतं आठवड्याने. सोमवारी म्हटलं असेल तर पुढच्या सोमवारी. आपल्या ‘आठवडा’ या शब्दातच आठ लपलाय, कारण पहिला आणि शेवटचा असे दोन्ही सोमवार मोजण्याची ही रीत आहे. ‘पंधरा दिवसांनी’चंही तसंच: दोन आठवडे. फ्रेंचही आठवड्याला आठ दिवस आणि दोन आठवड्यांना पंधरा दिवस म्हणतात, तेव्हा आपण एकटे नाही. पण इंग्रजीत ‘आफ्टर एट डेज’ म्हटलं की समोरचा बोटं मोजून मंगळवारी हजर होणार. ‘इन अ वीक’ आणि ‘इन टू वीक्स’ म्हणावं. ब्रिटिश माणूस दुसऱ्यासाठी ‘फोर्टनाइट’ म्हणेल. हा शब्द म्हणजे चौदा रात्री या जुन्या शब्दांचा दाबून झालेला गोळा. सात रात्रींचा ‘सेनाइट’ही एकेकाळी होता, तो वापरातून गेला. दिवसांऐवजी रात्री मोजायची ही खोड जुनी आहे; जर्मानिक टोळ्या दिवस मोजत नाहीत, रात्री मोजतात, असं रोमन इतिहासकार टॅसिटसने पहिल्या शतकाच्या अखेरीस नोंदवून ठेवलंय.

मागचं मोजताना

‘दोन दिवसांआधी भेटलो’चं ‘आय मेट हिम बिफोर टू डेज’ होतं, कारण आधी म्हणजे ‘बिफोर’ हे आपलं गणित. आत्तापासून मागे मोजायचं असेल तर ‘अगो’, आणि तो आकड्यानंतर येतो: ‘टू डेज अगो.’ गोष्टीतल्या एखाद्या दुसऱ्या क्षणापासून मागे मोजायचं असेल तर ‘टू डेज बिफोर’ किंवा ‘टू डेज अर्लिअर’. ‘मी पोहोचलो तेव्हा कळलं, तो दोन दिवसांपूर्वीच गेला होता’ इथे मोजणी पोहोचण्याच्या क्षणापासून आहे, म्हणून ‘बिफोर’.

‘अगो’ शेवटी का येतो हे कळलं की तो विसरत नाही. तो ‘गेलेले’ अशा अर्थाच्या जुन्या रूपातून आला आहे. म्हणजे ‘टू डेज अगो’ हे मुळात ‘दोन दिवस गेले’ असंच आहे. आपणही ‘गेल्या आठवड्यात’ म्हणतोच की. आणि गेलेल्या वेळेचा संबंध तुटलेला असतो, म्हणून ‘अगो’, ‘यस्टर्डे’, ‘लास्ट वीक’, ‘इन २०१५’ यांच्याबरोबर ‘हॅव’चं जोडणारं रूप बसत नाही. ‘आय हॅव सीन हिम यस्टर्डे’ चूक, ‘आय सॉ हिम यस्टर्डे’ बरोबर. एकाच वाक्यात दोर जोडायचा आणि तोडायचाही, हे इंग्रजीला खपत नाही.

‘परवा’ हा माझा लाडका शब्द. मागचाही परवा, पुढचाही परवा. ‘परवा गेलो’ की ‘परवा जाईन’ ते क्रियापद सांगतं, आणि आपल्याला कधी गोंधळल्यासारखं वाटत नाही. पलीकडे ‘तेरवा’ही आहे. इंग्रजीला यासाठी चार-चार शब्दांची रांग लावावी लागते: ‘द डे बिफोर यस्टर्डे’, ‘द डे आफ्टर टुमॉरो’. पूर्वी त्यांच्याकडेही ‘ओव्हरमॉरो’ आणि ‘एअरयस्टर्डे’ असे सुटसुटीत शब्द होते. जर्मनने आपले जपले, इंग्रजीने टाकून दिले. वाईट वाटतं, पण इलाज नाही. ‘डे बिफोर यस्टर्डे’ म्हणायचं आणि ‘द’ विसरायचा नाही.

वाजता, वारी, महिन्यात

ॲट, ऑन, इन यांची भीती मात्र उगाच आहे. मराठीने हे काम आधीच करून ठेवलंय. ‘पाच वाजता’, ‘सोमवारी’ किंवा ‘दहा तारखेला’, ‘मे महिन्यात’ किंवा ‘२०१५ मध्ये’. घड्याळाच्या क्षणाला ‘वाजता’, दिवसाला ‘ई’ किंवा ‘ला’, दिवसाहून मोठ्या कालखंडाला ‘त’ किंवा ‘मध्ये’. त्यांच्या जागी अनुक्रमे ॲट, ऑन, इन ठेवले की बहुतेक वाक्यं जमतात.

फसवतात ते दिवसाचे भाग. ‘सकाळी’ आणि ‘सोमवारी’ यांचा शेवट सारखा, म्हणून ‘ऑन मॉर्निंग’ म्हणावंसं वाटतं. पण सकाळ, दुपार, संध्याकाळ यांना ‘इन द’ लागतो, आणि रात्रीला ‘ॲट नाइट’. सकाळीच्या आधी वार आला तर पुन्हा ‘ऑन’: ‘ऑन मंडे मॉर्निंग’. रात्रीला वेगळी वागणूक का, याचं समाधानकारक उत्तर शोधत बसण्यापेक्षा ते तोंडात बसवणं लवकर होतं. शनिवार-रविवारला ब्रिटिश ‘ॲट द वीकेंड’ म्हणतात आणि अमेरिकन ‘ऑन द वीकेंड’, तेव्हा तिथे कसंही म्हणा.

‘धिस’, ‘लास्ट’, ‘नेक्स्ट’, ‘एव्हरी’ आले की मात्र हे तिघेही रजेवर जातात. ‘पुढच्या सोमवारी’तला ‘ई’ आपल्याला ‘ऑन नेक्स्ट मंडे’ म्हणायला लावतो. नुसतं ‘नेक्स्ट मंडे’ पुरतं.

‘आज सकाळी’चं ‘टुडे मॉर्निंग’ हे तर आपलं ओळखपत्रच आहे. इंग्रजीत ‘धिस मॉर्निंग’. आज रात्री ‘टुनाइट’. काल सकाळी ‘यस्टर्डे मॉर्निंग’, पण काल रात्री ‘लास्ट नाइट’. उद्या सकाळी ‘टुमॉरो मॉर्निंग’. यात तर्क कमी आणि सवय जास्त आहे, पाठच करावं लागतं. आणि रात्रीचे दोन? आपल्या लेखी ती रात्रच. इंग्रजीत मध्यरात्रीनंतर सकाळ सुरू होते: ‘टू इन द मॉर्निंग’. सोमवारी रात्री दोनची गाडी असं आपण म्हणतो ती त्यांच्या हिशेबाने मंगळवारची असते. तिकीट काढताना ही गोष्ट व्याकरणाची राहत नाही.

क्रमही उलटा. मराठी मोठ्यातून लहानाकडे येते: ‘सोमवारी संध्याकाळी पाच वाजता’. इंग्रजी लहानातून मोठ्याकडे जाते: ‘ॲट फाइव्ह ऑन मंडे इव्हनिंग’. मराठी वेळ वाक्याच्या तोंडाशी ठेवते, इंग्रजी सहसा शेपटाशी, तीही स्थळानंतर. तारीख आकड्यांत लिहिली की ब्रिटिश आणि अमेरिकन यांचंही आपसात पटत नाही: ०५/०४ ही लंडनला पाच एप्रिल, न्यूयॉर्कला चार मे. म्हणून १९८८ साली आलेल्या आयएसओ ८६०१ या आंतरराष्ट्रीय मानकाने आधी वर्ष, मग महिना, मग दिवस असा क्रम ठरवला. मोठ्यातून लहान. आपलाच.

घड्याळाबद्दल थोडकं. ‘ओक्लॉक’ म्हणजे ‘घड्याळाचे’, आणि तो फक्त पूर्ण तासाला लागतो; ‘फाइव्ह थर्टी ओक्लॉक’ होत नाही. ‘पावणेपाच’ला ब्रिटिश ‘क्वॉर्टर टू फाइव्ह’ म्हणतात. काही अमेरिकन ‘क्वॉर्टर ऑफ फाइव्ह’ म्हणतात, तो सव्वापाच समजू नका. ब्रिटिशांच्या बोलण्यातलं ‘हाफ फाइव्ह’ म्हणजे साडेपाच. जर्मनमध्ये नेमक्या याच शब्दांचा अर्थ साडेचार होतो. दुपारच्या आणि रात्रीच्या बाराला एएम-पीएम लावण्यापेक्षा ‘नून’ आणि ‘मिडनाइट’ म्हणावं. एएम, पीएम ही ‘मध्यान्हाआधी’ आणि ‘मध्यान्हानंतर’ या लॅटिन शब्दांची आद्याक्षरं. खुद्द मध्यान्ह स्वतःच्या आधी किंवा नंतर कसा असणार?

पुढे म्हणजे कुठे

‘बैठक दोन दिवस पुढे ढकलली’ यात मराठी माणसाला शंका येत नाही. पुढे म्हणजे नंतर. आता इंग्रजी वाक्य: ‘वेन्सडेज मीटिंग हॅज बीन मूव्ह्ड फॉरवर्ड टू डेज.’ बुधवारची बैठक आता कधी? लेरा बोरोडिट्स्की आणि मायकेल रॅमस्कार या मानसशास्त्रज्ञांनी २००२ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात हाच प्रश्न लोकांना विचारला होता. काही जण सोमवार म्हणतात, काही शुक्रवार. आपण काळातून पुढे चाललोय असं मनात धरणाऱ्याला ‘फॉरवर्ड’ म्हणजे शुक्रवार. काळ आपल्याकडे येतोय असं धरणाऱ्याला सोमवार. त्यांनी विमानतळावरही विचारून पाहिलं, तेव्हा नुकतेच विमानातून उतरलेले लोक शुक्रवारकडे जास्त झुकले. प्रवास करून आलेल्या माणसाच्या डोक्यात तोच पुढे सरकत असतो!

आपण यावर ‘प्रीपोन’ हा शब्द काढला, आणि मला विचाराल तर तो उत्तम शब्द आहे. ‘पोस्टपोन’ला नेमकी जोड. पण भारताबाहेर तो अनेकांना कळत नाही. तिथे बैठक अलीकडे घेतली तर ब्रिटिश ‘ब्रॉट फॉरवर्ड’ म्हणतात, अमेरिकन ‘मूव्ह्ड अप’. लांबवली तर ‘पुश्ड बॅक’. सगळ्यात सुरक्षित म्हणजे नवा वार आणि नवी तारीख लिहून मोकळं व्हावं.

‘नेक्स्ट फ्रायडे’चंही तसंच. मंगळवारी कुणी म्हणालं तर तो याच आठवड्यातला की पुढचा? इंग्रजी घरांतही यावरून वाद होतात. मराठीत ‘येत्या शुक्रवारी’ आणि ‘पुढच्या शुक्रवारी’ असा भेद करता येतो. इंग्रजीत ‘धिस फ्रायडे’ म्हटलं की जवळचा नक्की होतो. ब्रिटिशांचं ‘फ्रायडे वीक’ म्हणजे येत्या शुक्रवारनंतरचा शुक्रवार.

भविष्याबद्दल एक गोष्ट राहिली. ‘मी येईन तेव्हा सांगेन’ यात दोन्हीकडे भविष्यकाळ, म्हणून ‘व्हेन आय विल कम, आय विल टेल यू’. इंग्रजीत ‘व्हेन’, ‘अनटिल’, ‘बिफोर’, ‘ॲज सून ॲज’ यांच्या पोटातल्या वाक्यात ‘विल’ चालत नाही: ‘व्हेन आय कम, आय विल टेल यू.’ भविष्य एकदा मुख्य वाक्यात सांगून झालं, की तेवढं पुरे.

आणि ‘अजून’. ‘अजून पाऊस पडतोय’ म्हणजे ‘स्टिल’. ‘अजून आला नाही’ म्हणजे ‘यट’, आणि तो सहसा वाक्याच्या शेवटी: ‘ही हॅजन्ट कम यट.’ वैताग दाखवायचा असेल तर ‘ही स्टिल हॅजन्ट कम’.

आत्ता, लगेच, इतक्यात

‘सून’ या शब्दाचा जुन्या इंग्रजीतला अर्थ होता ‘ताबडतोब’. ‘अनॉन’चाही तोच होता. ‘प्रेझेंटली’चाही. तिघेही हळूहळू घसरत ‘थोड्या वेळाने’वर आले, आणि याचं कारण ओळखायला भाषाशास्त्र शिकावं लागत नाही. लोक ‘ताबडतोब’ म्हणत राहिले आणि सावकाश उठत राहिले. ‘प्रेझेंटली’ तर अमेरिकेत ‘सध्या’ या अर्थाने चालतो आणि ब्रिटनमध्ये बऱ्याचदा ‘थोड्या वेळाने’ या अर्थाने. ‘जस्ट नाउ’ आपण ‘आत्ताच’ म्हणून वापरतो. दक्षिण आफ्रिकेत कुणी ‘आय विल डू इट जस्ट नाउ’ म्हणालं तर बसून घ्या, ते काम नंतर कधीतरी होणार आहे.

आपला ‘आत्ता येतो’ही याच घसरगुंडीवर आहे. म्हणूनच बहुधा आपण भविष्याची खात्री द्यायला भूतकाळाची मदत घेतो. अजून जागचे हललेलोही नसतो, आणि दारातल्या माणसाला ओरडून सांगतो: ‘आलोच!’ याचं शब्दशः इंग्रजी करू नका. तिथे चप्पल शोधत असतानाही ‘कमिंग!’ म्हणतात.